बंद इंजिनवाले साळवे

आमच्या ऑफिसात सगळे विमान उडवण्याच्या मागे होते. साळवे एकटे ते बंद पडल्यावर काय होतं, याच्या मागे. त्यामुळे ऑफिसात पेढे वाटण्यासारखं काही घडलं की साळवे हमखास कोपऱ्यात बसून नाक मुरडत असायचे, आणि सगळ्यांचे चेहरे पडले की त्यांना तरतरी यायची.

ऑफिस आपलं म्हणायला ऑफिस. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे, खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. चार-पाच माणसं, थोडे कम्प्युटर आणि जुन्या मोटारीच्या सीटा बसवून केलेलं लाकडी कॉकपिट. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना जमिनीवर बसून सराव करता यावा म्हणून आम्ही दोन इंजिनांचं, पंख्यांचं एक लहान विमान पडद्यावर तयार करत होतो. गिरणी सुरू झाली की कॉकपिट थरथरायचं आणि पाहायला आलेल्या पाहुण्याला वाटायचं, वा, काय हुबेहूब केलंय! आमचे मालक जाधव यांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. मी त्यातली घड्याळं काढायचे: उंचीचं, वेगाचं, तेलाचं. शाळेत चित्रकलेत बरा हात असला की पुढे माणसाला काय काय काढावं लागेल, ते सांगता येत नाही.

साळवे आमच्याकडे आले ते वाळूजच्या एका कारखान्यातून. तिथे त्यांची नोकरी गिअरबॉक्स तपासण्याची होती, म्हणजे मोटार न लावता तो बाहेरून फिरवायचा आणि किती जड जातो ते पाहायचं. वीसेक वर्षं हेच केल्यावर दुसरं होणार काय? जी वस्तू स्वतःहून फिरत नाही, ती दुसऱ्याने फिरवायची तर त्याला किती भुर्दंड पडतो, हा त्यांच्या आयुष्याचा विषय होऊन बसला. "फुकट काय फिरत नाय," हे त्यांचं पेटंट वाक्य. ते विमानाला लागू होतं, टेबलफॅनला लागू होतं, आणि इच्छुक उमेदवार गल्लीत नमस्कार करत हिंडायला लागले की त्यांनाही लागू होतं. जाधवांचे एक चुलतभाऊ ऑफिसात येऊन उगाच सगळ्यांची चौकशी करायला लागले, तेव्हा साळवेंनी ते त्यांच्या तोंडावरच म्हटलं होतं. आठवड्याभरात त्या गृहस्थांनी खरोखरच मेहुण्यासाठी नोकरी मागितली.

अंगात पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि थंडीचं नाव निघालं की माकडटोपी. सकाळी दारातून "जय भीम" घालून आत आले की आधी खिडकीतला एक्झॉस्ट पंखा बोटाने ढकलून पाहायचे. त्यांची जुनी स्कूटर उड्डाणपुलाच्या माथ्यावर आली की ते इंजिन बंद करायचे आणि उतारावर ती कुठपर्यंत जाते ते रोज पाहायचे. मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या त्यांना ऐकू यायच्या नाहीत, किंवा यायच्या, पण त्या त्यांच्या विषयात बसत नव्हत्या. "आज चार पावलं कमी गेली, चाकात काय तरी अडकतंय," असं म्हणत ते जिना चढायचे.

आणि हा माणूस आयुष्यात विमानात बसलेला नव्हता. कुणी विचारलं की म्हणायचे, "बसलो नाय. विहिरीची खोली सांगायला आत उडी मारावी लागत नाय." हे ते इतक्या ठसक्यात म्हणायचे की पुन्हा कुणी विचारत नसे. स्वभाव अजिबात गरीब नव्हता. आपल्याला जे कळतं ते इतरांना कळत नाही याची त्यांना पुरेपूर जाणीव होती, आणि ती ते आम्हालाही करून द्यायचे, बहुतेक वेळा जेवताना.

त्यांचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. जाधव त्यांना विमान दाखवत होते. जाधव म्हणजे फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला मुलगा, वय तिशीचं, लहानपणापासून डोक्यात विमान. पडद्यावर खाली दौलताबादचा किल्ला दिसत होता, जाधवांची छाती फुलली होती.

"दोन्ही इंजिनं बंद करा," साळवे म्हणाले.

जाधवांनी केली. विमान शांतपणे पुढे जात राहिलं. आम्ही चहा पिऊन आलो तर खाली जालना होतं. जेवून आलो तर परभणीच्या पुढे. उंची जेमतेम कमी झालेली.

"बघा सर, किती हलकं केलंय!" जाधव म्हणाले.

"जाधव, हे विमान नाय, हा आत्मा हाय," साळवे डबा बंद करत म्हणाले. "आन् आम्ही आत्मा मानत नाय."

खोट कुठे होती ते त्यांनी दुपारी शोधून काढलं. पंखा म्हणजे विमानाला पुढे नेणारी वस्तू, हे आमच्या प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांनी इतकं मनावर घेतलं होतं, की तो विमानाला मागेही ओढू शकतो हे कुणी गणितात मांडलंच नव्हतं. उत्तर शून्याच्या खाली गेलं की आमचा प्रोग्राम त्याचं गुपचूप शून्य करून टाकायचा. साळवेंनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, "इंजिन मेलं म्हणून पंखा मरत नाय. समोरून वारा येतो, तो पंख्याला फिरवतो. पंखा त्या मेलेल्या इंजिनाला फिरवतो. ह्याचा खर्च कोण देणार? विमान देणार. उंचीतून देणार." यावर इलाज एकच. पंख्याची पाती वळवून वाऱ्याला त्यांची नुसती धार दाखवायची. मग पंखा थांबतो आणि विमान राहिलेल्या एका इंजिनावर निभावून नेतं. याला फेदर करणं म्हणतात. ते वेळेवर केलं नाही, तर एक इंजिन ठणठणीत असूनही विमान खाली येतं.

जाधवांना ते पटलं, पण अर्धंच. एवढासा पंखा तो काय ओढणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. साळवेंना असा चेहरा चालत नसे. त्यांनी भंगारवाल्याकडून कूलरचा मोठा पंखा आणला, त्याला मागे एक जड गिअरबॉक्स जोडला, सगळं एका चाकांच्या फळीवर बसवलं, फळीला पुढून स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि ही वरात रशीदभाईंच्या टेम्पोवर बांधून पैठण रोडला काढली. काटा वाचायला मला नेलं, कारण मला चष्मा नव्हता.

"नक्को सर, पुलिस पकडती," रशीदभाई निघतानाच म्हणाले होते. चितेगावच्या अलीकडे पोलिसांनी पकडलंच.

"क्या है ये?" हवालदार.

"पंखा," साळवे.

"वो दिखरा मेरे कू. चलता कायपे?"

"चालत नाय. बंद हाय."

हवालदारांनी एकदा उभ्या टेम्पोवरही वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, एकदा साळवेंकडे. साळवेंनी त्यांना इंजिन, वारा, खर्च सगळं समजावलं. शेजारून शिफ्टची बस जात होती, तिच्या खिडकीतून एक कामगार ओरडला, "काका, पंखा उलटा बसलाय!" साळवेंनी लगेच व्याख्यान थांबवलं आणि टेम्पोवर चढून खरंच तपासलं. पंखा सुलटाच होता. हवालदारांनी आम्हाला सोडलं ते नियमात बसलं म्हणून नव्हे, ऐकवेना म्हणून. परत येताना साळवेंनी पाती वळवून धारेवर आणली आणि काटा धपकन खाली आला. मी तो आकडा ओरडून सांगितला, तेव्हा टेम्पोत पुढे बसलेल्या जाधवांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून तो मला पुन्हा सांगायला लावला. त्या आकड्यांचा खऱ्या विमानाशी काडीचा संबंध नव्हता, आणि हे साळवेंनाही ठाऊक होतं. पुढे दोन महिने खपून त्यांनी खरं गणित मांडलं.

त्यानंतर आमचं विमान पडायला लागलं. ज्या फ्लाइंग स्कूलसाठी आम्ही ते करत होतो, तिथली मुलं सरावाला यायची. उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडायचं, मुलं गडबडायची, पंखा मागे ओढत राहायचा आणि विमान पडद्यावर गावालगतच्या सातारा डोंगरात जाऊन आदळायचं. त्यांचे शिकवणारे कॅप्टन स्वतः पाहायला आले. सभ्य माणूस. दोनदा उडवलं, सुखरूप उतरवलं, आणि म्हणाले, "छान आहे. पण ड्रॅग जरा जास्त वाटतो. खरं विमान इतकं ओढत नाही."

"किती नाय ओढत?" साळवेंनी विचारलं.

"असं सांगता येत नाही. फील असतो तो."

"फीलचा आकडा सांगा. किती वेगाला, किती उंचीवर. लगीच कमी करतो."

कॅप्टननी चहा संपवला आणि आकडा न देता ते गेले. जाधव साळवेंच्या मागे लागले. "सर, थोडं कमी करा की. लई झालं आता. पोरं रडकुंडीला आल्यात."

"रडू द्या. हितं रडायला जागा हाय," साळवे म्हणाले.

त्या रडणाऱ्यांत त्यांची स्वतःची मुलगी होती. प्रज्ञा त्याच फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होती, आणि दोन इंजिनांच्या विमानाच्या परीक्षेत एकदा नापास झाली होती. बंद इंजिनाच्याच चाचणीत. वडिलांनी बंद इंजिनावर हयात घालवावी आणि मुलीने त्यातच नापास व्हावं, यावर ऑफिसात बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आम्ही ते साळवे नसताना बोलायचो. ती रविवारी यायची. साळवे तिला इतर मुलांसारखंच बसवायचे आणि मागे हाताची घडी घालून उभे राहायचे. तिचा दोष एकच होता. इंजिन बंद पडलं की कोणतं बंद पडलं याची ती पुन्हा पुन्हा खात्री करत बसायची. डावं का उजवं, घड्याळ काय म्हणतं, पेडलवरचा पाय काय म्हणतो. खात्री होईपर्यंत वेग गेलेला असायचा आणि समोर डोंगर. ही खात्री करायची खोड तिने कुणाकडून उचलली, ते सांगायला नकोच.

असं तीन-चार रविवार चाललं. शेवटी एकदा डोंगरात आदळल्यावर ती तशीच पडद्याकडे बघत म्हणाली, "पप्पा, एक आठवडा तरी कमी करा ना ड्रॅग. जरा धीर येऊ द्या मला. ह्या टायमाला नाय जमलं, तर मी सोडून देणार. खरंच सांगते."

साळवेंनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "हितं मी कमी करीन गं. तिथं वर कोन कमी करंल?"

साळवे दर रविवारी तिच्यासाठी डबा आणायचे, तो न घेता ती जिना उतरून गेली. साळवेही जेवले नाहीत. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला. एवढी मुलगी विनवते आहे, थोडा आकडा खाली आणला तर काय आभाळ कोसळणार होतं?

मला नुसता राग आला. जाधवांनी प्रत्यक्ष काहीतरी केलं. पुढच्या रविवारी प्रज्ञा आली. इंजिन बंद पडलं, तिने आपली खात्री करायला वेळ घेतला, पाती वळवली, आणि विमान डोंगरावरून अलगद पुढे गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. साळवेंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते स्वतः खाली जाऊन कोपऱ्यावरून पेढे घेऊन आले. जन्मात पहिल्यांदा. प्रत्येकाला देताना सांगत होते, "हाताला आता कळायला लागलंय. हातात यावं लागतं ते." जाधवांना दिला तेव्हा त्यांनी तो न खाता टेबलावर ठेवून दिला. मी जाधवांकडे पाहिलं. जाधवांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

साळवेंच्या आलं नाही. ज्या माणसाला चाकात खडा अडकल्याचं उतारावर कळायचं, त्याला मुलीच्या विमानाचा ड्रॅग निम्मा झालेला कळला नाही. ते पेढे वाटत होते.

प्रज्ञा मात्र कॉकपिटमधून उठली नव्हती. तिने पुन्हा उड्डाण केलं, इंजिन बंद पडल्यावर काहीच न करता थोडा वेळ गेली, आणि म्हणाली, "पप्पा, हा पंखा ओढत नाय."

"ओढतोय की. तुला जमाय लागलं म्हणून तसं वाटतंय."

"नाय पप्पा. मी अजून फेदर केलंच नाय. बघा. पंखा फिरतोय तसाच, आन् उंची हाय तिथंच हाय."

साळवे वाकले. माझ्या हाताने काढलेल्या उंचीच्या घड्याळाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले आणि वळले.

"जाधव."

"सर, पोरीसाठी केलं हो. माझ्याच्यानं बघवंना."

साळवेंनी पेढ्यांचा खोका बंद केला. माझ्या हातात अर्धा पेढा होता. तो खावा की परत ठेवावा, ते मला कळेना. "तुमचं काळीज चांगलं हाय," ते जाधवांना म्हणाले, "म्हणूनच तुमच्या हातात हे देऊ नये." मग बसून त्यांनी आकडा होता तिथे आणला आणि मुलीला म्हणाले, "बस." ती बसली, आणि डोंगरात आदळली. पण त्या दिवशी तिने डबा नेला.

संध्याकाळी जिना उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "बाई, मला कळलं नाय. तिला कळलं." सांगताना आवाज असा होता की ही शरम आहे की फुशारकी, ते ठरवता येईना. मला तरी ती फुशारकीच वाटली, आणि मला फार बरं वाटलं. त्यानंतरचे सगळे रविवार ती आली. खात्री करायची तिची सवय गेली नाही, पण ती भरभर खात्री करायला शिकली.

परीक्षा दुसऱ्या गावाला होती. त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याची बदली नाशिकला झालेली, आणि मी ऑफिसातली माझी शेवटची कामं उरकत होते. त्यामुळे साळवेंना मी शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्या दिवशी. सकाळपासून ते फोन समोर ठेवून बसले होते. एक्झॉस्ट पंखा त्यांनी इतक्या वेळा ढकलला की जाधवांनी शेवटी त्याचं बटणच चालू करून टाकलं.

फोन आला तो नेमका खालची गिरणी जोरात चालू असताना. साळवेंना काही ऐकू येईना. ते नुसते "हॅलो, हॅलो" ओरडत होते. मी धावत खाली गेले आणि गिरणीवाल्याला म्हटलं, साळवे सरांच्या मुलीचा फोन आहे, जरा बंद करा. त्याने पट्टा काढला. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकाही गप्प झाल्या. सगळी इमारत शांत झाली आणि वरून साळवेंचा आवाज जिन्यापर्यंत आला.

"वर नेऊन खरंच बंद केलं इंजिन? बरं. वेग किती व्हता? ... आन् उंची? ... फेदर करायच्या आधी किती पडत व्हतं, ते सांग. ... नीट आठवून सांग."

मी वर आले तर जाधव त्यांच्यासमोर उभे राहून हातवारे करत होते, पास का, पास का? साळवेंनी त्यांना माशी हाकलावी तसं हाताने बाजूला केलं. अजून दोन आकडे विचारून समोरच्या कागदावर लिहिले, "बरं, जेवून घे," म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय झालं सर?"

"आपला ड्रॅग जास्ती हाय."

"अहो सर, पोरगी!"

"ती झाली पास. पण आपला ड्रॅग जास्ती हाय." ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी ड्रॅगच्या गणिताची ती फाइल उघडली, जिला पेढ्यांच्या त्या रविवारनंतर हात लावायची आमच्यापैकी कुणाची हिंमत राहिली नव्हती. मी जिन्यातून खाली ओरडून सांगितलं, पास झाली! बायकांनी खालून काहीतरी गलका केला आणि गिरणी पुन्हा सुरू झाली.

जाधवांना आनंद झाला होता, पण त्यांचा पाराही चढला होता. "सर, मला एक सांगा. कॅप्टन हेच म्हनत व्हते. मी किती दिवस म्हनत व्हतो. ती पोरगी सोता ह्या खुर्चीत बसून रडत व्हती, कमी करा म्हनून. तवा नाय केलं तुमी कमी!"

साळवेंची बोटं चालू होती. त्यांनी मान वर केली नाही.

"तवा माझी पोरगी म्हणत व्हती," ते म्हणाले. "आता पायलट सांगतीय."

साळवेंनी आकडा टाकला, खोडला, पुन्हा टाकला. मग चष्मा काढला, बुशशर्टाच्या टोकाने पुसला, घातला, आणि पुन्हा काढला.

"बाई," ते मला म्हणाले, "तेवढा आकडा बरोबर पडलाय का बघा. मला दिसंना झालाय."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. कागदावर मुलीचा आकडा होता तसाच पडला होता. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांनी मान हलवली.